पिकअपच्या हौद्याला कोटिंग: स्वतः की कारागिराकडून?

पेरणीच्या दिवसांत शिरूर अनंतपाळच्या बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही पिकअपच्या हौद्यात डोकावून पाहावं. कोपऱ्यात फाटक्या पोत्यातून सांडलेलं तांबडं पोटॅश, त्यावर पावसाचं पाणी आणि त्यात कालवलेली काळ्या मातीची राड. त्याच हौद्यातून आदल्या दिवशी कुणाच्या बांधकामावर मुरूम गेलेला असतो आणि पुढच्या बाजाराला एखादा देवणी गोऱ्हा हाळी-हंडरगुळीला जायचा असतो. तालुक्याच्या या गावाला रेल्वे नाही. साकोळ, येरोळ, उजेड अशा गावांतलं सोयाबीन, तूर, हरभरा लातूरच्या किंवा उदगीरच्या मोंढ्यावर पोचतो तो रस्त्यानेच, आणि पाच-दहा क्विंटलचा माल असेल तर बहुतेक वेळा पिकअप नाहीतर छोटा हत्ती यांच्याच पाठीवर. हप्त्यावर घेतलेली ही गाडी घरातली कमावती असते. तिचं ऑइल वेळेवर बदललं जातं, टायर जपले जातात. हौद्याकडे मात्र तळाच्या पत्र्याला भोक पडेपर्यंत कुणी पाहत नाही, आणि भोक पडल्यावर वेल्डिंगवाल्याकडे ठिगळ लावण्याशिवाय फारसं काही उरत नाही.

म्हणून हौद्याला आतून संरक्षक कोटिंग करून घ्यावं, हा विचार आता आपल्याकडेही रुजतो आहे, आणि ते चांगलंच आहे. प्रश्न पडतो तो पुढचा. डबा आणून रोलरने आपणच लावावं, की यंत्राने फवारणाऱ्या कारागिराकडे गाडी न्यावी? बहुतेक जण याचं उत्तर पैशावर ठरवतात: गाडी नवी, हात तंग, म्हणून घरी, गाडी जुनी होऊन गंजायला लागली, म्हणून आता चांगल्या माणसाकडे. माझ्या मते हे नेमकं उलटं व्हायला हवं. जाड, महागडं, यंत्राचं कोटिंग नव्या गाडीला शोभतं. गंज धरलेल्या गाडीला आपल्या हाताने, पातळ आणि पुन्हापुन्हा दुरुस्त करता येईल असं कोटिंग बरं. असं का, ते समजायला आधी गंजाचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल.

कारखान्यातून आलेल्या हौद्यावर प्रायमर आणि रंग असे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग भरते. त्याखाली एक-दीड मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा. मुरमाचा एक टोकदार खडा, सळईचं एक टोक किंवा फावड्याचा एक ओरखडा हा थर फाडायला पुरेसा असतो. लोखंड उघडं पडलं की त्याला गंजायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. मात्र पाण्यात क्षार विरघळलेले असले की हे काम कितीतरी पटींनी वेगाने होतं. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि क्लोराइड लोखंडाचा जुना वैरी: तो पत्रा सगळीकडून सारखा न खाता एका ठिकाणी खोल खड्डा पाडत जातो. युरियाची गोष्ट निराळी आहे. हवेतली आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलंच पाणी ओढून ओला होतो. आपल्याकडे पावसाळ्यात सकाळची आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे पाऊस पडला नाही तरी सांडलेला युरिया स्वतःचं पाणी स्वतः आणतो आणि कोपरा आठवडाभर ओला ठेवतो. शेणखत आणि जनावरांचं मूत यांतला अमोनिया आणि क्षार त्यात भर घालतात.

शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. रंगाखाली शिरलेला गंज फुगतो आणि आजूबाजूचा चांगला रंग उचलून धरतो. फाळक्याच्या बिजागरीपाशी दिसणारे तांबडे फोड हेच सांगत असतात. आता अशा फोडांवर तीन मिलिमीटरचं जाड कोटिंग मारलं तर काय होईल? वरून हौदा नव्यासारखा दिसेल. आत मात्र गंजात अडकलेली ओल आणि क्षार तसेच राहतील, आणि काम झाकलेलं असल्यामुळे ते आपल्याला दिसणारही नाही. दोन-तीन वर्षांनी कोटिंगचा मोठा पापुद्रा हाताने उचलता येतो आणि त्याच्या पाठीला गंजाची चकती चिकटून येते. महागड्या कोटिंगचा खरा उपयोग चांगला पत्रा चांगला ठेवण्यात आहे. खराब पत्रा चांगला करण्याची ताकद कुठल्याच कोटिंगमध्ये नसते.

यंत्राने फवारतात ते बहुधा पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेनची रसायनविद्या ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये मांडली. पॉलियुरिया त्यानंतर बऱ्याच काळाने, १९८० च्या दशकात अमेरिकेत पुढे आलं. त्याच सुमारास तिथल्या पिकअपवाल्यांना हौद्यात नुसतं ठेवायचं प्लास्टिकचं साचेबंद अस्तर पुरेनासं झालं होतं, आणि फवारणीच्या कोटिंगचा व्यवसाय उभा राहिला. काम असं चालतं: एका पिंपात आयसोसायनेट, दुसऱ्यात अमाइन असलेलं रेझिन. दोन्ही साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून प्रचंड दाबाखाली बंदुकीच्या तोंडाशी एकमेकांवर आदळवतात. पत्र्यावर पडताच मिश्रण काही सेकंदांत घट्ट होतं. त्यामुळे उभ्या बाजूवरही ते ओघळत नाही आणि एकाच दिवसात दोन-अडीच मिलिमीटरचा सलग थर तयार होतो. गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कामाला लावता येते, आणि रोजच्या भाड्यावर चालणाऱ्याला हा फायदा फार मोठा आहे.

हे यंत्र, ती हीटर लावलेली नळी आणि ती बंदूक यांचा खर्च इतका असतो की तालुक्याच्या गावात कुणी ते ठेवणार नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी पॉलियुरिया फवारणारे मोठ्या शहरांत असतात, आणि यंत्र तेच. शिरूर अनंतपाळहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं, हे गाडी न्यायच्या आधी लक्षात घ्यावं. जाण्यायेण्याचं डिझेल आणि बुडालेलं भाडं हाही कोटिंगचाच खर्च आहे.

घरी लावायचं असतं ते दोन प्रकारांत मिळतं. एक तयार डबा, ज्यात रबराचा चुरा मिसळलेला असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने किंवा नुसता वाळून घट्ट होतो. दुसरा दोन भागांचा, मूळ माल आणि हार्डनर. मिसळला की ठरलेल्या वेळेत संपवावाच लागतो. दोन भागांचा जास्त टिकतो, यात मला शंका नाही. पण डब्यावरचा भाव पाहून कारागिराच्या दराशी तुलना करू नका. आधी जाडीचा हिशोब करा.

नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्याचा तळ साधारण ४.६ चौरस मीटर भरतो. आतल्या बाजू धरल्या की एकूण ८ चौरस मीटरच्या आसपास. एक चौरस मीटरवर एक लिटर माल पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो. हे साधं गणित कुठल्याही डब्याला लागू पडतं. घरच्या डब्यात बराचसा भाग उडून जाणारं थिनर असतं. निम्मा माल उडून जातो असं धरलं, तर अर्धा मिलिमीटर सुका थर हवा असेल तर ८ लिटर माल लागेल. आता तुम्ही चार लिटरचा डबा आणला आणि सगळ्या हौद्यावर पुरवला, तर हातात उरतो पाव मिलिमीटर. तो कारखान्याच्या रंगापेक्षा जाड आहे, पण मुरमाशी झुंजणारा नाही. उलट पॉलियुरियात उडून जाणारं जवळजवळ काही नसतं. अडीच मिलिमीटरच्या थराला २० लिटर माल अंगावर बसतो आणि काही हवेत वाया जातो. भावातला मोठा फरक इथून येतो. घासाघीस करायची तर जाडीवर करू नका, आणि कारागिराने 'तीन मिलिमीटर मारतो' म्हटलं तर सुकलेला थर मोजायचं छोटं यंत्र त्याच्याकडे आहे का, ते आधी विचारा. तळावर, कोपऱ्यात आणि चाकाच्या उंचवट्यावर, तिन्हीकडे मोजून घ्या. कोपऱ्यात आणि कडांवर थर हमखास पातळ निघतो.

आता तयारीबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोटिंग सुटतं ते बहुतेक वेळा तयारी घाईत झाल्यामुळे. चकचकीत रंगावर कुठलंच कोटिंग पकडत नाही. साधारण ८० नंबरच्या कागदाने सगळा हौदा घासून चमक पूर्ण मारावी लागते. कोपऱ्यात यंत्र जात नाही, तिथे हातानेच. गंज दिसेल तिथे ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पत्रा पांढरा दिसेपर्यंत जायचं. नुसता वरचा सैल गंज झाडून रेड ऑक्साइड मारणं ही आपल्याकडची सर्रास रीत आहे आणि तिथेच काम बिघडतं. खताची वाहतूक केलेल्या हौद्यात घासण्याआधी भरपूर पाण्याने धुणं आवश्यक आहे, कारण क्षार डोळ्यांना दिसत नाहीत आणि घासताना ते ओरखड्यांत आणखी खोल जातात. सरकी पेंड, तेलाचे डबे, डिझेलचे कॅन यांचं तेल पत्र्यावर राहिलेलं असतं. ते थिनरने पुसताना फडकं वारंवार बदलावं, नाहीतर तेच तेल सगळीकडे पसरतं.

पत्रा स्वच्छ झाला की नाही हे कळायला एक जुनी, भरवशाची चाचणी आहे. पत्र्यावर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर तेल गेलं. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर पुन्हा पुसा. मग पूर्ण वाळवून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. शेवटी पाणी जाण्याची भोकं, दोर बांधायचे हुक, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि बोल्ट टेप लावून झाका. पाणी जायची भोकं कोटिंगने बुजली तर हौद्याचं तळं होतं.

हे सगळं काम तुम्ही स्वतः मन लावून दोन दिवस केलंत, तर घरचं कोटिंग एखाद्या घाईत असलेल्या कारागिराच्या महागड्या कामापेक्षा जास्त टिकू शकतं. म्हणून कारागिराला विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नसून 'घासाई कोण करणार आणि किती वेळ?' हा असावा. सकाळी गाडी घेऊन दुपारी परत देतो म्हणणाऱ्याने घासलेलं नसतं. घरी करताना एखाद्या आडबाजूला आधी हातभर जागेवर लावून पाहा. पूर्ण वाळल्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या चिरा पाडून चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर सगळा हौदा रंगवण्याआधीच तयारी कमी पडल्याचं कळतं.

हवामान हा यातला असा भागीदार आहे, ज्याला कुणी विचारत नाही. आयसोसायनेट पाण्याशी जुळलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, कोटिंगमध्ये बुडबुडे येतात आणि त्या बारीक भोकांतून पाणी पत्र्यापर्यंत जातं. म्हणून जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. हिवाळ्यात पहाटे पत्र्यावर दव धरतं. पत्रा दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान तीन अंश गरम असावा, हा जाणकारांचा नियम. साध्या भाषेत, सकाळी दहा-साडेदहाच्या आत डबा उघडू नये. आणि मे महिन्यात भर उन्हात काळा हौदा इतका तापतो की थिनर क्षणात उडतं, रोलरच्या मागे खरखरीत कोरडा थर राहतो आणि तो पकडत नाही. आपल्या भागात दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ, झाडाच्या किंवा शेडच्या सावलीत, हा या कामाला उत्तम. सोयाबीनची वाहतूक तोवर ओसरलेली असते, हेही सोयीचं.

जिवाच्या सुरक्षिततेबद्दल मी कुठलीही तडजोड सांगणार नाही. दोन भागांच्या बहुतेक मालांत आयसोसायनेट असतं. त्याची वाफ किंवा फवाऱ्याचे कण पुन्हापुन्हा श्वासात गेले तर कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे थोड्याशा वासानेही दम लागतो. युरोपात २०२३ च्या ऑगस्टपासून अशी रसायनं वापरणाऱ्या कामगारांना प्रशिक्षण सक्तीचं झालं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क इथे उपयोगाचा नाही. घरी करायचं तर फवारणी टाळा, रोलर आणि ब्रश वापरा, उघड्या हवेत काम करा, रबरी हातमोजे आणि कोळशाच्या काडतुसाचा मास्क लावा, आणि मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका. यंत्राने फवारणाऱ्याकडे बाहेरून हवा पुरवणारा मास्क दिसला नाही, तर तो आपल्या कामगाराच्या फुफ्फुसांवर तुमचं काम करतो आहे. तिथून गाडी वळवावी.

आपल्याकडच्या काही पर्यायांबद्दलही बोलायला हवं, कारण ते स्वस्त वाटतात. गाडीच्या खालच्या बाजूला मारतात ते डांबरी अंडरबॉडी कोटिंग काही गॅरेजवाले हौद्यातही मारून देतात. उन्हात ते मऊ होतं, पोत्यांना चिकटतं आणि घासाला अजिबात तग धरत नाही. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा किंवा रबराचा तुकडा अंथरणं मुरमाच्या माराला चांगलं, पण तो कायम ठेवला तर त्याखाली पाणी आणि सांडलेलं खत अडकून राहतं, गाडीच्या हादऱ्यांनी रंग घासला जातो आणि वरून दिसायला काहीच नसताना खालून हौदा जातो. दुष्काळाच्या वर्षांत, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या काळात, पाण्याच्या प्लास्टिक टाक्या पिकअपमध्ये ठेवून गावोगाव पाणी फिरवलं गेलं. महिनोन्महिने टाकीखाली ओल धरून बसलेल्या हौद्याचं काय होतं, याचा अंदाज करायला अवघड नाही. मॅट वापरा, पण ती रोज उचलता येईल अशी हवी.

नक्षीचा जाड पत्रा, म्हणजे चेकर्ड प्लेट, वेल्डिंगने बसवण्याची पद्धतही जुनी आहे. तीन मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास भरते. आपल्या तळाला साधारण ११५ किलो. म्हणजे ४५ किलोच्या युरियाची अडीच पोती गाडी रोज फुकट वाहते, आणि वेल्डिंगने जळालेल्या रंगापाशी, दोन पत्र्यांच्या फटीत, गंजाला हक्काचं घर मिळतं. रोज दगड आणि मुरूम वाहणाऱ्याला तरीही मी प्लेटच सांगेन, कारण फावड्याच्या धारेपुढे कुठलंही कोटिंग फार काळ टिकत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मुळातच जाड पत्रा असतो, तिच्यासाठी हा खटाटोप नकोच.

राहिला पृष्ठभागाचा खरखरीतपणा. जाहिरातीत खरखरीत कोटिंग जास्त मजबूत म्हणून दाखवतात. मोंढ्यावर पोती उतरवणाऱ्या हमालांना विचारलं तर वेगळं उत्तर मिळेल. फार खरबरीत तळावर प्लास्टिकची विणलेली पोती ओढताना फाटतात आणि माणसाचे गुडघे सोलतात. धान्य आणि खत वाहायचं असेल तर मध्यम, गुळगुळीताकडे झुकणारा पृष्ठभाग मागा. भाजीची क्रेट किंवा जनावरं जास्त नेत असाल तर खरखरीत हवा, कारण गुळगुळीत पत्र्यावर जनावराचा खूर घसरला तर पाय मोडतो. कारागिराकडे हा बदल करता येतो. घरी रोलरच्या जाडीवर आणि रबराच्या चुऱ्यावर थोडाफार. कोटिंगवर थेट धान्य ओतायचं असेल तर माल पूर्ण मुरेपर्यंत, म्हणजे घरच्या कोटिंगला निदान आठवडाभर, थांबा, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय तर नकोच.

हे सगळं जमेस धरून माझा कौल असा. गाडी नवी, पाच-सात वर्षं रोज भाड्यावर चालवायची, मालात खत आणि धान्य जास्त: पहिलं पोतं पडायच्या आधी, जमल्यास हप्ता ठरवतानाच कोटिंगचे पैसे बाजूला काढून, यंत्राने फवारणाऱ्याकडे जा. स्वतःच्या शेतापुरती, आठवड्यातून दोनदा चालणारी गाडी: दोन भागांचा डबा आणून घरी लावा. गंज धरलेली जुनी गाडी: तीसुद्धा घरीच, गंज आधी पूर्ण काढायचा आणि दर हिवाळ्यात पाहणी करून जिथे उचललं तिथे तेवढंच खरवडून पुन्हा लावायचं. पातळ थरात गंज डोकं काढतो तो लगेच दिसतो, हीच त्याची खूबी.

कोटिंग कुणीही केलेलं असो, खत उतरवलं त्याच संध्याकाळी हौदा पाण्याने धुवावा आणि पाण्याची भोकं तारेने मोकळी करावी. चीर दिसली की त्या जागेच्या आजूबाजूला बोटभर घासून, पुसून, ब्रशने नवा माल भरावा. पॉलियुरियावरही घासल्याशिवाय दुसरा थर पकडत नाही. आणि घरच्या कामातून उरलेला हार्डनर पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. एकदा उघडलेला डबा हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत बिघडतो, दुरुस्तीला छोटा नवा डबा आणलेला बरा.